आधी कोट काढा, मग डाग देते

मशीनच्या पोटातून बोलतोय मी. लोकांना सुई दिसते, दोरा दिसतो, शिंपीमास्तरांची ऐट दिसते. मी कुणाला दिसत नाही. मी शिलाई मशीनचा सर्किट बोर्ड. सुईनं कधी धावायचं नि कधी थांबायचं हे ठरवतो मी, आणि शाबासकी सुईला!

कारखान्यात माझ्या अंगावर लाखेसारखा पारदर्शक कोट चढवला होता. धूळ, दमट हवा, मुंग्या, कशाची बाधा नको म्हणून. तारा जोडायच्या सॉकेटच्या पिना तेवढ्या उघड्या ठेवल्या. तोंडावरून कुणी कोट घालतं का? पण एवढं साधं शहाणपण मास्तरांच्या मेहुण्यापाशी नव्हतं.

मेहुण्याला सगळ्यातलं कळतं. तेल घालायच्या निमित्तानं त्यानं मशीन उघडलं, स्क्रू ड्रायव्हर माझ्यावर घसरला आणि कोटावर ओरखडा उठला. चूक झाकायला त्यानं बहिणीचं लाल नेलपॉलिश आणलं. ओरखडा बुजला, आणि उरलेल्या उत्साहात पिनाही रंगल्या. माझी दातखीळच बसली. मशीन ठप्प.

आणि वेळ कोणती? मास्तरांच्या लेकीचं लग्न परवावर आलेलं. जावयाचा कोट सासराच शिवणार, असं मास्तर सगळ्यांना सांगून बसलेले, आणि कोटाच्या बाह्या अजून टेबलावर वेगळ्याच पडलेल्या.

"बाबा, बिनबाह्यांचा कोट घालून उभा राहणार का तो?" लेक रडकुंडीला आली.

मास्तरांनी मला रुमालात गुंडाळलं. कोटाशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही हा त्यांचा बाणा, म्हणून घाईतही ठेवणीतला कोट चढवला आणि दुरुस्तीवाल्या ताईंचं दुकान गाठलं.

ताईंनी मला भिंगाखाली धरलं. "मास्तर, हे नेलपॉलिश कुणी लावलं?"

"मेहुणा," मास्तर एवढंच म्हणाले. त्यात सगळं आलं.

"सॉकेटमध्ये पार मुरलंय. सॉकेटच बदलते. पण आधी कोट काढावा लागेल, त्याशिवाय डाग देता येणार नाही."

मास्तर दचकले. मग मुकाट्यानं त्यांनी अंगातला कोट काढला आणि छातीशी धरला. "हा काढला. पण ताई, याला डाग कशाला? ठेवणीतला आहे हो!"

ताई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. "अहो, बोर्डाचा कोट! आणि डाग म्हणजे कथिलाचा, सोल्डरिंगचा!"

मास्तर ओशाळले. कोट खुंटीला अडकवून माझ्यासमोर येऊन बसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसांसमोर कपडे उतरवायचे म्हणजे काय!

नेलपॉलिश थिनरच्या पहिल्या बोळ्यालाच शरण गेलं. माझा मूळ कोट मात्र हट्टी. ताई थेंब सोडायच्या, थांबायच्या, मग लाकडी काडीनं हलकेच खरवडायच्या. पातं लावलं असतं तर माझ्या तांब्याच्या रेघाच तुटल्या असत्या.

"हे उसवण्यासारखंच की," मास्तर पुटपुटले. "टाका निघाला पाहिजे, कापड फाटता कामा नये."

"अगदी तसंच," ताई म्हणाल्या.

नवं सॉकेट बसलं, डाग दिला, उघड्या जागी ताज्या कोटाचा हात फिरला. पिना सोडून! तो वाळतो न वाळतो तोच मास्तर मला घेऊन पळत सुटले. घरी सुई धावली तेव्हा खरं सांगतो, मला भरून आलं. बाह्या लागल्या, खिसे लागले. लेक हसली.

आता मी ठणठणीत आहे. विनंती एकच: मला कोरडं ठेवा, आणि मेहुणा तेलाची बुधली घेऊन दिसला तर त्याला गप्पांत गुंतवा.

लग्नाला मला कोण नेणार? पण ऐकलंय ते सांगतो. दारात पाहुण्यांचं स्वागत करताना मास्तर नुसत्या सदऱ्यावर उभे होते. त्यांचा कोट ताईंच्या खुंटीवरच राहिला होता.

"मास्तर, आज कोट कुठं तुमचा?" कुणीतरी विचारलंच.

मास्तरांनी जावयाकडे बोट दाखवलं. "तो काय!"