रंजूचा ॲप्रन

साकोलीत भैयाजींचं मेडिकल स्टोअर एका पोरीच्या नावावर चालायचं, आणि ती पोरगी दुकानात कधीच नसायची. रंजू तिचं नाव. तिचं फार्मसिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र फोटोसकट फ्रेम करून देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेलं. रंजू स्वतः तिकडे बपेऱ्याला, सासरी. तिला दर महिन्याला भाडं जायचं, फ्रेमला रोज उदबत्ती. दोघींपैकी जास्त मान कुणाला होता, हे सांगणं अवघड आहे.

फ्रेमखालच्या खिळ्याला रंजूचा पांढरा ॲप्रन लटकत असे. त्याच्या घडीच्या रेषा अजून शाबूत होत्या.

फार्मसीतलं करिअर म्हणजे भैयाजींच्या लेखी हेच: दोन वर्षांचा डी.फार्म. डिप्लोमा, मग फ्रेम, मग लग्न. पुतणी मोना बारावी झाली तेव्हा तिच्या फ्रेमची जागा त्यांनी भिंतीवर मनातल्या मनात मोजूनही ठेवली. पण पोरीने चार वर्षांचं बी.फार्म. भरलं, आणि नागपूरच्या कॉलेजात सीट लागलीसुद्धा. ती आज संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून पक्की करायची होती. नाही केली तर गेली. अडचण एवढीच, की अर्जावर नंबर भैयाजींचा होता, कारण अर्ज भरला त्या दिवशी घरात रिचार्ज असलेला मोबाइल तोच एक होता. ओटीपी त्यावरच येणार होता.

मोना दुपारपासून काउंटरपाशी उभी होती.

"काकाजी, मी बटन दाबतो, तुम्ही फक्त आकडा सांगा. बाबानं हो म्हटलं हाये."

"दादाचं काय! तो बांधीत धान पाहून राहिला, त्याले दुकान का समजते?" भैयाजींनी मोबाइल खिशात टाकला. "बी.फार्म. करून करशीन का?"

"हॉस्पिटलात लागता येते. कंपनीत औषध तपासाचं काम असते. परीक्षा देली तं औषध निरीक्षकही होता येते."

"निरीक्षक!" भैयाजींनी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. पोरीने दुकानात शिवी द्यावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. ओटीपी नव्हता. रस्त्यावरच्या दुकानदारांच्या ग्रुपवर लाखनीहून निरोप आला होता: 'पाहुण्या साकोलीकडे निघाल्या.'

या रस्त्यावर पाहुण्या म्हणजे औषध निरीक्षक मॅडम. समोरची दोन शटरं लगेच खाली आली. भैयाजींना ती सोय उरली नव्हती. मागच्या खेपेला त्यांनी शटर पाडलं, तर मॅडमनी नोटीस शटरलाच चिकटवली होती. बपेऱ्याहून रंजू येईपर्यंत तर मॅडम तपासून, चहा पिऊन, जेवूनही गेल्या असत्या.

भैयाजींनी फ्रेमकडे पाहिलं. मग मोनाकडे. दोघींच्याही दोन वेण्या, लांबट चेहरा. फोटो जुना होता.

"मोना, तो ॲप्रन घाल."

"काहून?"

"घाल म्हणतो ना! नाव विचारलं तं रंजू सांग. मॅडम गेल्या का ओटीपी देतो. देवाशप्पथ."

"अन् पकडल्या गेलो तं? कॉलेज सुरू व्हायच्या आधीच नाव खराब होईन माझं."

"अन् दुकान बंद झालं तं तुह्या नागपूरची फी का तलावातून निघन?"

हे खरं होतं, म्हणूनच वाईट होतं. मोनाने ॲप्रन घातला. कडक कापड खांद्यांवर पत्र्यासारखं उभं राहिलं.

मॅडम आल्या, फ्रेम वाचली, फोटो पाहिला, मोनाला पाहिलं. "तुम्हीच का?"

मोना काही बोलण्याआधी भैयाजी बोलले, "हो जी, हेच. बोलते कमी."

मॅडमनी कपाटं तपासली नाहीत. त्या नुसत्या बाकावर बसल्या. आणि मग मालनबाई आल्या, गावातल्या म्हाताऱ्या, हातात डॉक्टरची चिठ्ठी.

"बाई, साखरेची गोळी दे वो. डॉक्टरनं आज बदलवली."

मोनाने चिठ्ठी घेतली. औषधाचं नाव कसंबसं लागलं. पुढचा मिलिग्रॅमचा आकडा मात्र एक असू शकत होता, किंवा चार. कपाटात दोन्ही पाकिटं शेजारी होती, एकाच रंगाची. भैयाजींनी मॅडमच्या नजरेआडून बोटं दाखवली: चार. एकची संपत आली होती, चारची भरपूर पडून होती.

मोनाने चारचं पाकीट उचललं. मालनबाईंनी पिशवी उघडली.

"दे ना वो," मालनबाई म्हणाल्या. "बस जाईन माही."

मोनाने पाकीट परत काउंटरवर ठेवलं.

"आजी, थांबा. मले हा आकडा वाचता नाही येत." तिने मॅडमकडे पाहिलं. "मी रंजू नाही. फार्मसिस्ट नाही मी. बारावी झालो फक्त."

भैयाजी टेकायला भिंत शोधू लागले. तिथे फ्रेम होती.

मॅडमनी चिठ्ठी घेतली, त्यावरच्या नंबरला फोन लावला. "एकची आहे," त्या म्हणाल्या. "चारची गेली असती तर आजी बसमध्येच घेरी येऊन पडल्या असत्या." मालनबाईंना त्यांनी गोळी घ्यायला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि दुकानाचा पंचनामा लिहायला घेतला. फार्मसिस्ट येईपर्यंत विक्री बंद.

बाहेर ऊन उतरत होतं. मोनाने ॲप्रन काढला, आपला मोबाइल घेतला आणि बटन दाबलं. भैयाजींचा खिसा वाजला.

"काकाजी, आकडा."

"आता आकडा मागतं? दुकान खाऊन?"

लिहिता लिहिता मॅडमनी मान वर केली. "कसला आकडा?"

"बी.फार्म.च्या सीटचा, मॅडम. आजच शेवटचा दिवस हाये."

भैयाजींनी मोबाइल काढला. स्क्रीनकडे बघत राहिले. मग अचानक मॅडमना विचारलं, "तुम्ही का शिकल्या जी?"

"बी.फार्म."

भैयाजींच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. डी.फार्म.मधून फ्रेम निघते; बी.फार्म.मधून ही बाई निघाली होती, जिच्या नावाने अख्ख्या रस्त्याची शटरं पडतात. अशी एक घरचीच असली तर? त्यांनी आकडा वाचून दाखवला. घाईत एक अंक चुकला. मोनाने पुन्हा बटन दाबलं, आता खिशाऐवजी हातातच मोबाइल वाजला, आणि या खेपेला तिने तो सरळ त्यांच्या हातातून घेतला.

सीट पक्की झाली.

मॅडम गेल्यावर भैयाजी हळू आवाजात म्हणाले, "चार वर्षांनी तं येशीन ना? खिळा तसाच ठेवतो."

"खिळा नको, काकाजी. खुर्ची ठेवा. आलो तं सोता बसीन."

भैयाजी शटर ओढत होते, आणि ते नेहमीसारखं अर्ध्यावर अडकलं होतं. मोनाने दुसऱ्या बाजूने हात लावला.