सातवा रकाना

रकाना १. नाव: बकुळा कुशाबा तांबे.
रकाना ४. परीक्षा: बी. ए., अर्थशास्त्र.
रकाना ५. पुढील शिक्षण: एम. ए.
रकाना ७. जात:

इथं टाक थांबला.

"खिडकी चारला बंद," कॉलेजचा कारकून म्हणाला. "उद्या संयुक्त महाराष्ट्रवाल्यांचा बंद आहे म्हणतात. म्हणजे मुदत आजच संपली समज."

"बौद्ध लिहिलं तर?"

"तर स्कॉलरशिप नाही. सवलत जुन्या जातीला आहे, नव्या धर्माला नाही. वरून पत्रक आलंय." त्याने रजिस्टर उघडलं. "पण इथं तर बौद्धच लागलंय. तुझे वडील येऊन बदलून गेले की, जानेवारीत!"

बकुळाला हे ठाऊकच नव्हतं. डिसेंबरात बाबासाहेब गेले, तेव्हा दादरच्या चौपाटीवर बापलेकीने बरोबरच दीक्षा घेतली. मग कुशाबाने ध्यासच घेतला. रेशनकार्ड, मिलचा पास, जिथं जिथं जुना शब्द होता तिथं धुतलेला सदरा घालून जायचं आणि तो खोडून घ्यायचा. लेकीचं कॉलेजही त्याने परभारेच उरकलं होतं.

कारकून वाईट नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला: पूर्वीची नोंद कायम ठेवावी. खाली वडिलांच्या अंगठ्याला जागा, सोबत शाईची उशी. "पळ."

स्कॉलरशिप नसेल तर एम. ए. नाही. एम. ए. नाही तर कॉलेजात शिकवणं नाही. पिशवीत म्युनिसिपालिटीचं पत्र होतं: वरळीच्या शाळेत शिक्षिका म्हणून सोमवारी साडेसातला हजर व्हावे. मग आयुष्यभर दुसरी ब शिकवायची. अर्थशास्त्राचे सर म्हणाले होते, "अगं, कागद तो! मनात बौद्ध राहा." सरांना सोपं होतं. सरांचा रकाना कुणी बदलायला सांगितला नव्हता.

दादरहून लोअर परळ, जवळजवळ धावतच. साडेतीनचा भोंगा झाला. मिलच्या फाटकातून माणसं लोटली, केसांत कापूस घेऊन.

"कुशाबा, मास्तरीण आली रे!" साच्यावरचा जोडीदार दगडू ओरडला. "हजेरी लाव, नायतर बाकावर उभं करंल!"

कुशाबा हसत आला. "काय गं बकुळे? इथं कशापायी?"

"आबा, अंगठा हवाय."

"आण." त्याने अंगठा सदऱ्याला पुसला आणि शाईत दाबलासुद्धा. काय लिहिलंय, विचारलं नाही. कधीच विचारत नसे.

आता नुसता कागद पुढे करायचा. एवढंच.

"आबा, थांबा. आधी वाचून दाखवते."

"तू लिवलंस ना? मग काय वाचायचं?"

"वाचते." तिने कागद तोंडाजवळ धरला. "मी, कुशाबा रामजी तांबे, विनंती करतो की माझ्या मुलीची जात बौद्ध नसून..."

तिने पुन्हा सुरुवात केली.

"बौद्ध नसून पूर्वीप्रमाणे..."

दगडूचं हसू गेलं होतं. कुशाबाचा अंगठा निळा, हवेत तसाच.

"त्याबिगर मोठी शाळा न्हाई?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"म्या खोडलं म्हणून?"

"आबा, तसं नाही..."

"दे. लावतो." त्याने हात पुढे केला. "दोन वर्सांचा तर सवाल. दे, बकुळे."

तिने कागद मागे ओढला. अंगठा तिच्या मनगटावर उमटला.

दगडू पान खायला म्हणून बाजूला झाला.

"साळंत किती वाजता जायाचं सोमवारी?" अंगठ्याची शाई सदऱ्याला पुसत कुशाबाने विचारलं.

"साडेसातला."

"मंग सातला निघू. माझी पाळी बदलून घेतो."

दोघं घरी, वरळीच्या वाटेला लागली. तो एक पाऊल मागे चालत होता, कधी नव्हे ते. बकुळाने फाटकावरच्या घड्याळाकडे मान वळवून पाहिलं. चारला अठरा मिनिटं. धावलं तर खिडकी अजून उघडी सापडली असती. नाक्यापर्यंत ती तेच मोजत राहिली, आणि नाका ओलांडल्यावरही.