बाप निघाला तेव्हा

टण्! बटणांच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि मी श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं, झोपेतच ओठ चोखले, पुन्हा निपचित झालं. माझी दुपार वाचली.

रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी मी कापडाच्या बाहुल्या करत होते. गोष्ट बायबलमधली, ओळखीचीच: मुलगी आजारी पडते, बाप येशूच्या पाया पडतो, येशू तिला उठवतो. येशू झाला, बाप झाला, गर्दीही झाली. अडली होती ती मुलगी. मार्क आणि लूक सांगतात, बाप निघाला तेव्हा ती मरायला टेकली होती. गेल्याचा निरोप त्याला वाटेत मिळाला. मत्तयाच्या गोष्टीतला बाप मात्र आल्या आल्याच म्हणतो, ती आत्ताच गेली. मग हिचे डोळे उघडे शिवायचे की मिटलेले?

"चर्चचे पाळक म्हणाले, मत्तयाने गोष्ट आटोपती घेतलीय," मी आईला सांगितलं. ती खाली बसून बापाच्या दाढीची लोकर कातरत होती. टेबलाखाली ठमी, माझी चार वर्षांची, चिंध्यांचं घर मांडून बसली होती.

"आटोपती म्हणे! आणि हा बाप आहे की दरोडेखोर? केवढी दाढी लावलीस!"

"मग तूच सांग, खरं कोणाचं?"

"दोघांचंही. निघालेल्या बापाला एक माहीत असतं, घरात राहिलेल्या आईला दुसरं. ह्यांना तरी कुठे माहीत होतं?"

माझी सुई थांबली. 'हे' म्हणजे बाबा. माझ्या जन्माआधी गेलेल्या ताईची आमच्या घरात एकच हकीकत होती, बाबांची. ताप चढला, ते सायकलवर डॉक्टरांना आणायला निघाले. वाटेत एक म्हातारी पडलेली दिसली. तिला उचलून सावलीत बसवलं, पाणी पाजलं. घरी पोचेपर्यंत ताई गेली होती. प्रार्थनेत येशूच्या ह्या गोष्टीचा उतारा वाचायला घेतला की बाबा उठून बाहेर जातात, कारण त्यातही येशूचं वाटेत एका आजारी बाईसाठी थांबणं आहे. "तिथे थांबूनही पोर उठली," एवढंच ते मला एकदा म्हणाले होते. रस्त्यात कोणासाठी थांबलेले बाबा मी कधी पाहिले नाहीत.

"काय माहीत नव्हतं, आई?"

तिची कात्री चालूच होती. "ते निघाले तेव्हा ती गेलेलीच होती. माझ्याच मांडीवर. मीच म्हटलं, अजून धुगधुगी आहे, पळा."

"आई!"

"मग काय म्हणू? ते समोर उभे राहिले असते तर मला तिचं जाणं खरं मानावं लागलं असतं."

हीच बाई रोज माझ्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालते, त्याच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरते. मला किंचाळायचं होतं. पण बाळ झोपलं होतं, म्हणून मी कुजबुजत भांडले.

"आणि नंतर? म्हातारीचं सांगून ते रडले तेव्हा?"

"जीभ उचलली नाही. वाटलं, उद्या सांगू. मग तू झालीस." तिने कात्री खाली ठेवली. "गोष्टीतल्या बापामागे निरोप घेऊन माणसं तरी धावली. ह्यांच्यामागे मी कोणाला धाडलंच नाही गं."

"त्यांना सांग. आजच."

"काय सांगू? उभा जन्म स्वतःला खाल्लंत ते फुकटच?"

"हो. हेच."

"आणि मग त्याच हाताने जेवायला वाढू?"

तिचा चेहरा मी जन्मापासून पाहत आले होते आणि त्या क्षणी तो मला ओळखू येत नव्हता. तेवढ्यात जिन्यावर बाबांचा खोकला ऐकू आला. मागोमाग त्यांचं ते सावकाश एकेक पायरी चढणं. आईने चटकन मांडीवरची लोकर झटकली आणि पदराने तोंड पुसलं.

टेबलाखालून ठमी रांगत बाहेर आली. केसांत चिंध्या अडकलेल्या, डोळे हे एवढे मोठे. तिने आजीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून अगदी माझ्यासारखंच कुजबुजली,

"आई, मी सांगू आजोबांना?"