पुलाखालचा माणूस

आभाने मत वाचून संपवलं, 'तांत्रिक दोष' या रकान्यावर बाण नेला आणि क्लिक न करताच माऊसवरचा हात उचलला.

सकाळपासून ती खेळाडूंची मतं वाचत होती. तेच तिचं काम. गेम परदेशातल्या एका बड्या कंपनीचा होता, पण त्यातला बराचसा भाग म्हैसूरजवळच्या मेटगळ्ळीतल्या या छोट्या ऑफिसात तयार झाला होता. खाली लेथचं वर्कशॉप, वर काचेआड संगणकांच्या रांगा. गेममध्ये एक अख्खं शहर होतं. खेळणाऱ्याने हातात गेममधला फोन घेऊन त्यात हवं तिथे भटकायचं, सिग्नल आपल्या मर्जीने लाल-हिरवे करायचे, बंद दारं उघडायची, रस्त्यावरच्या कुणाचाही फोन हॅक करून तो काय बोलतोय ते ऐकायचं. लोकांना ते आवडलं होतं आणि नव्हतंही. गाड्या तेल सांडल्यासारख्या घसरतात. गोष्ट पोरकट आहे. पोलीस पाठलाग करताना भिंतीत घुसतात. पाऊस मात्र खरा वाटतो. आभा अशा मतांची गटवारी लावून पुढे पाठवायची.

हे मत कुठल्याच गटात बसेना.

'पूर्वेकडच्या पुलाखाली रेनकोट घातलेला एक माणूस उभा असतो,' पोलंडमधल्या कुणीतरी लिहिलं होतं. 'त्याचा फोन हॅक केला तर नाव येत नाही, काम येत नाही, नुसता आवाज येतो. बाकीच्यांचं बोलणं आपण लांब गेलो की तुटतं. याचं तुटत नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो तरी तो बोलतच होता. भाषा कळत नाही. गेम सुमार आहे, पण त्याच्यासाठी मी परत परत जातो. कृपा करून त्याला घालवा.'

खाली दुसऱ्या कुणाचं उत्तर होतं. 'त्याला हात लावू नका. माझ्याकडे संध्याकाळी बोलणारं तेवढंच आहे.'

"अक्का, ते पुलाखालचं आलं काय तुमच्याकडे?"

सुदीप मागे येऊन उभा होता. ध्वनिविभाग तो सांभाळायचा. म्हैसूरचाच, मार्केटमागच्या जुन्या शिंपी घराण्यातला. घरी मराठी बोलत, पण ती कन्नडचं बोट धरून चालणारी.

"आत्ताच वाचलं."

"मेन ऑफिसचा मेल आलाय. पुढच्या अपडेटला त्याला काढून टाका म्हणतात. दोष आहे म्हणून तुम्ही लिहून दिलं की झालं." तो हातातली वायर बोटाला गुंडाळत राहिला. "तुम्ही ऐकलं नाही, अल्वा, हो ना?"

"काय?"

"सुम्ने उगाच तुम्हाला त्रास कशाला, म्हणून मी बोललो नव्हतो. देवेश सरांचा आवाज आहे तो."

आभाने पडद्याकडेच पाहिलं. देवेश तिचा नवरा. सुदीपच्या खुर्चीवर आधी तो बसायचा. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. गेम तयार होत असताना त्यातल्या परदेशी वस्तीतल्या गर्दीसाठी ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापल्या भाषेत बोलून दिलं होतं. त्या शहरात कुठेतरी त्याचाही आवाज असणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने वाचायचं काम मागून घेतलं होतं. ऑफिसात हेडफोन न वापरणारी ती एकटीच होती.

"दे," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

सुदीपने हेडफोन दिला आणि तो आपल्या जागेवर निघून गेला.

आधी पाऊस ऐकू आला. मग देवेश.

"हॅलो... हो, मीच... नाही, सहज केला... जेवलात?... गोळी घेतली का?... हं... इकडे पाऊस आहे... नाही हो, मी रागावलो नाही. मला वाटलं, तुम्हीच... बरं... येतो की. येतो... ठेवू?"

मग पाऊस. मग पुन्हा "हॅलो... हो, मीच..."

क्षणभर तिला वाटलं होतं, आपल्याशीच बोलतोय. पण 'जेवलात' ऐकलं आणि ते वाटणं संपलं. देवेश तिला कधी अहो-जाहो करत नव्हता. त्या सगळ्या बोलण्यात तिच्यासाठी काही नव्हतं. तरीही ती चहाची सुट्टी होईपर्यंत ऐकत बसली.

*

देवेशचे वडील, त्र्यंबकराव, सांगलीहून नोकरीसाठी म्हैसूरला आले होते. हूटगळ्ळीला तेव्हा माळ होता. त्यांनी तिथे घर बांधलं, आणि आपल्याच कारखान्यात पुढे मुलालाही चिकटवलं. देवेशने ती नोकरी सोडली आणि गेमसाठी पावलांचे, दारांचे, पावसाचे आवाज तयार करायला लागला, त्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर एवढंच म्हणाले, "आवाज काढून पोट भरणार." देवेश ताट तसंच ठेवून उठला. त्यानंतर बापलेक एकाच घरात राहिले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. जे काही असेल ते आभामार्फत. त्याला सांग, गाडीची चावी ठेवलीय. त्यांना विचार, दुधाच्या पावडरीचा चहा चालेल का. दोघांचीही वाक्यं तिच्या तोंडून जायची आणि जाताना ती थोडी मऊ करायची.

दवाखान्यात त्र्यंबकराव व्हरांड्यात बसून राहिले. आत जायला उठले तेव्हा देवेश कुणालाच ओळखत नव्हता.

आभा माहेरी परतली नाही. त्यांनी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. आता घरात निरोप द्यायलाही कुणी नव्हतं, म्हणून बोलणंच उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने देवेशच्या गेम खेळायच्या कन्सोलवरची चादर काढली. त्र्यंबकराव पेपर वाचत होते.

"हे कशाला?"

"तुम्हाला एक ऐकवायचंय, बाबा. पण तिथपर्यंत पोचावं लागेल. मला नीट खेळता येत नाही."

खरंच येत नव्हतं. तिची गाडी दुभाजकावर चढली, एका फळवाल्याला धडकली, पोलीस मागे लागले. त्र्यंबकरावांनी पेपर खाली ठेवला.

"ब्रेक कुठलाय? आधी ब्रेक बघ. आता डावीकडे घे. अगं, डावीकडे."

बऱ्याच वेळाने पूल आला. पुलाच्या कडेवरून पाणी ओघळत होतं आणि खाली रेनकोटातला माणूस पाठमोरा उभा होता. आभाने त्याच्यावर खूण आणून बटण दाबलं.

"हॅलो... हो, मीच..."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. बोलणं संपून पुन्हा सुरू झालं. आभा त्यांच्याकडे पाहायचं टाळत होती.

"कधीचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दोघं बोलत नव्हता तेव्हाचं. घरच्या कुणाशी तरी बोलतोय असं समजून बोला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरा फोन नव्हता."

"माझ्याशी बोलतोय."

"हो."

तिसऱ्या की चौथ्या फेरीला देवेशने विचारलं, "जेवलात?"

"जेवलो," त्र्यंबकराव म्हणाले.

"गोळी घेतली का?"

"घेतो आता."

मधल्या जागा त्यांच्या उत्तरांना बरोबर पुरत होत्या. देवेशने तेवढ्या ठेवल्याच होत्या. "मी रागावलो नाही," तो म्हणाला, तेव्हा त्र्यंबकराव म्हणाले, "मी होतो." आभा उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

*

त्यानंतर तिने त्यांना सगळं शिकवलं. फोन कसा उचलायचा, कुठल्या बटणाने चालायचं. ते चटकन शिकले. ती ऑफिसातून आली की घरात कुणीतरी बोलत असायचं, आणि पहिले काही दिवस तिला ते बरं वाटलं. गेटाशीच आवाज ऐकू यायचा. एक तरुण, एक म्हातारा. एकदा शेजारच्या वरलक्ष्मी अम्मांनी तिला थांबवून विचारलं, "मगळे, घरी पाहुणे आलेत काय?" आभा नाही म्हणाली नाही.

त्र्यंबकरावांची उत्तरं लांबत गेली, तशी देवेशच्या बोलण्याशी त्यांची टक्कर होऊ लागली. मग ते थांबायचे आणि पुढच्या फेरीला उरलेलं सांगायचे. कारखान्यातल्या कुणाचं, सांगलीच्या आत्याचं, त्याच्या लहानपणीच्या सायकलीचं. आभा खोलीतून गेली की हात वर करायचे. "हळू. तो बोलतोय."

दसऱ्याच्या आधी रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढायला लागल्या. बन्नीमंटपकडून येणारी बस वेळ लावायची. एका संध्याकाळी ती पोचली तेव्हा दुपारसाठी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. भातावर आमटी घट्ट बसली होती.

"बाबा, जेवला नाहीत?"

"जेवलो."

"ताट तसंच आहे."

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती काहीतरी भलतंच विचारतेय असं त्यांना वाटलेलं दिसलं. "सांगितलं की मघाशी," ते म्हणाले. "त्यानं विचारलं, तेव्हा सांगितलं ना."

आभाने कपाट उघडलं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट तिने आणून ठेवलं होतं, त्यातली एकही गोळी काढलेली नव्हती. त्यांचा सदरा खांद्यावर सैल झालेला तिला आत्ता दिसला. बाहेरच्या खोलीत देवेश म्हणत होता, "येतो की. येतो..." आणि त्र्यंबकराव म्हणत होते, "ये. दार उघडंच आहे." तिने पाहिलं. पुढचं दार सताड उघडं होतं.

त्या दिवशी तिने त्यांच्यासमोर बसून त्यांना भरवलं. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

*

"मूळ रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे?" दुसऱ्या दिवशी तिने सुदीपला विचारलं. "कापाकापी करायच्या आधीचं?"

"असणार की. सर काही पुसायचे नाहीत."

त्याने शोधून दिलं. तेच बोलणं, त्याच जागा. पण 'ठेवू?' नंतर ते थांबत नव्हतं. बऱ्याच वेळाची शांतता होती, त्यात खुर्ची किंचित करकरली होती, आणि मग देवेश सावकाश म्हणाला होता, "ठेवतो, बाबा." फोन टेबलावर ठेवल्याचा हलका आवाज. नंतर काही नाही.

"शांतता फार झाली म्हणून मशीननं तिथंच कापलं असणार," सुदीप म्हणाला. "शेवट मिळालाच नाही त्याला. म्हणून तो परत परत सुरू होतोय."

आभाने हेडफोन काढला.

"त्याला काढू नकोस. शेवट जोड."

"जोडतो. पण अक्का, शेवट जोडला की तो फोन ठेवून चालायला लागणार. बाकीचे लोक जातात तसा. एकदा गेला की परत त्या जागेवर येणार नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काढून टाकलं काय न् हे काय, एकच झालं, अल्वा?"

"एक नाही."

"घरी सांगितलं काय?"

"नाही."

तो आपल्या पडद्याकडे वळला. आभा जागेवर आली. रकाना इतके दिवस तिने रिकामा ठेवला होता. तिने लिहिलं: दोष आहे. संभाषण अपुरं आहे. पूर्ण करावं. तिने पाठवायचं बटण दाबलं. ती जिन्यात जाऊन उभी राहिली. खाली लेथ चालू होता, आणि तो बंद पडू नये असं तिला वाटत होतं.

*

अपडेट आलं त्या सकाळी तिने रजा घेतली. त्र्यंबकराव नेहमीसारखे खुर्ची पुढे ओढून बसले. पूल, पाऊस, रेनकोट. आभा त्यांच्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसली.

"हॅलो... हो, मीच..."

त्यांनी सगळी उत्तरं दिली. आज सायकलीचं राहिलेलं सांगायचं होतं, ते सांगितलं.

"ठेवू?"

"नको एवढ्यात," ते रोजच्यासारखं म्हणाले आणि पुढच्या 'हॅलो'ची वाट पाहू लागले.

'हॅलो' आलं नाही. पाऊस पडत राहिला. त्र्यंबकरावांनी कन्सोलकडे पाहिलं, काही बिघडलं की काय म्हणून. मग आवाज आला.

"ठेवतो, बाबा."

माणसाने फोन रेनकोटच्या खिशात घातला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच वळला. चेहरा गर्दीतल्या कुणाचाही असावा तसा होता. तो पुलाखालून बाहेर पडला आणि फुटपाथवरून चालू लागला. त्र्यंबकरावांनी बटण दाबून त्याच्यामागे जायला सुरुवात केली. दुकानांवरून, सिग्नलवरून. कुठेही धडकले नाहीत. वळणावर एक ट्रक आडवा आला, आणि तो गेला तेव्हा पलीकडे छत्र्या घेतलेली दुसरीच माणसं होती.

ते वळणावर उभे राहिले. शहर आपलं चाललं होतं.

"'बाबा' म्हणाला," त्र्यंबकराव म्हणाले.

"हो."

"बोलणं बंद झालं तेव्हापासून म्हणाला नव्हता." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "परत येईल तिथे?"

खोटं सांगणं सोपं होतं. दोन वर्षं तिने दोघांच्याही वाक्यांत थोडं थोडं खोटं घातलं होतं.

"नाही बाबा. आता नाही येणार."

त्यांनी मान हलवली. त्यांना हे ठाऊक होतं की आत्ताच कळलं, ते तिला समजलं नाही. पडद्यावर कुणी एक बाई त्यांच्या बाजूने वाट काढून पुढे गेली.

"आभा, हे बंद कसं करायचं?" ते म्हणाले. "तू बाकी सगळं दाखवलंस. हे मी विचारलंच नव्हतं."

ती मोड्यावरून उठली आणि त्यांच्या खुर्चीशी टेकली. त्यांचा अंगठा हातात घेऊन तिने मधल्या गोल बटणावर ठेवला.

"इथे. जरा दाबून धरायचं."

"बरं," ते म्हणाले. अंगठा बटणावर होता. त्यांनी अजून दाबलं नव्हतं, आणि आभानेही आपला हात काढून घेतला.