पेटता बोळा

ताईचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या आगगाडीच्या इंजिनांचा कोळसा बंद झाला आणि तेल आलं. ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, ड्रायव्हर. मी त्यांचा फायरमन. फावडं सुटलं तसे दाजी म्हणाले, "मेव्हणे, आता बसून नळ फिरवा. साहेब झालात."

बसून खरं, पण डोळा हलवायची सोय नव्हती. तेल डांबरासारखं घट्ट. टाकीतल्या नळीत वाफ खेळवून ते पातळ करायचं. मग भट्टीच्या तोंडाशी वाफेचाच झोत त्याचं धुकं करतो आणि ते धुकं जळतं. दाजींनी वाफ आवरली की त्याच क्षणी मी तेल आवरायचं, नाहीतर काळा धूर. फार आवरलं तर आग विझते. विझली तर तेल बंद करायचं, आत साचलेला वायू धुराड्यातून जाऊ द्यायचा, चिंध्यांचा पेटता बोळा आत टाकायचा आणि मगच तेल सोडायचं. हे मला तोंडपाठ होतं.

लग्नाला अकरावा महिना होता. चढावर तेलात पाणी आलं, आग फुरफुरली आणि गेली. वाफेचा काटा उतरू लागला. मी नळ बंद करून पेटवायला बोळा रॉकेलात भिजवत होतो. दाजी म्हणाले, "बोळा कशाला? भट्टीतल्या विटा लाल आहेत, आपोआप धरेल. सोड तेल."

वयानं मोठे, त्यात ताईचा नवरा. मी सोडलं. धरेना. तेल अडलं असेल असं समजून मी नळ आणखी उघडला. दाजी भट्टीच्या दारातल्या भोकातून बघायला वाकले आणि भट्टीतला जाळ उलटा बाहेर आला.

चौकशीत सगळं दाजींच्या माथी मारलं. तसं लिहिलेल्या कागदावर मी अंगठा दिला. ताईनं मला एकदाच विचारलं, "तेल कोणी सोडलं?"

मी म्हणालो, "पाण्यानं आग विझली होती."

खोटं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. जन्मभर मला ताट वाढलं, आणि कोणी दाजींना उतावळा म्हटलं की मान खाली घातली.

तोंडानं सांगवेना. ताईला वाचता येत होतं, मला लिहिता येत नव्हतं. साठी उलटल्यावर अक्षरं गिरवली. एक ओळ नीट यायला तीन हिवाळे गेले: ताई, नळ माझ्या हातात होता. कागद खिशात ठेवला. आज देऊ, उद्या देऊ करता करता तिचे डोळे गेले. वाचून दाखवायचं म्हणजे पुन्हा तोंडानंच सांगायचं. ते जमलं नाही.

दाजी भाजल्यापासून तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी वारले. ताई गेल्या वर्षी, थंडीच्या पहिल्या आठवड्यात वारली.