कुसाकाझेचा तोल

जपानी नौदलाच्या आराखडा खात्यातले हिसामात्सु माणूस म्हणून सोन्यासारखे, पण त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. जहाजं आखणाऱ्याला यापरता वाईट रोग नाही. ‘कुसाकाझे’ ही विनाशिका अजून कागदावर होती, तेव्हा तोफखानावाले आले. म्हणाले, “अजून एक जोडतोफ बसेल की!” हिसामात्सु म्हणाले, “बसेल.” मग टॉर्पेडोवाले आले. त्यांचंही बसलं. परदेशांशी झालेल्या करारामुळे जहाजाचं वजन वाढवायला बंदी, म्हणून सांगाडा हडकुळा ठेवला आणि सगळा संसार वर चढवला. नाकापेक्षा मोती जड झाला, पण मोती सगळ्यांनाच आवडला.

चाचणीला समुद्र तव्यासारखा सपाट होता. कप्तान कामिशिरो, बुटके आणि भलतेच तोंडाळ, यांनी भरवेगात सुकाणू फिरवायला लावलं. कुसाकाझे कलली. कलतच गेली. जेवणाच्या दालनात एका म्हाताऱ्या ॲडमिरलच्या मांडीवर आधी मिसोचं गरम सार आलं, मग मुळ्याचं लोणचं, आणि शेवटी खुद्द हिसामात्सु. जहाज आडवं होऊन जरा वेळ विचार करत राहिलं, मग नाइलाजाने सरळ झालं.

कामिशिरो धडधडत खाली आले. “काय हो, हे जहाज आहे की साके ढोसलेला माझा मेहुणा?”

“शेवटी सरळ झालं ना?” ॲडमिरलच्या मांडीवरून उठत हिसामात्सु पुटपुटले.

“मेहुणाही होतो. दुसऱ्या दिवशी!”

घरी बायकोने, त्सुयाकोने, सगळं ऐकून घेतलं आणि ती पोट धरून हसली. मग विचारलं, “अहो, त्या बोटीवर माणसं किती असणार?”

“दोनशेच्या वर.”

ती हसायची थांबली. हिसामात्सुंनी ताट बाजूला सारलं आणि आराखडा उलगडला.

पुढच्या बैठकीत प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. हिसामात्सु उठले. म्हणाले, “चूक माझी. एक जोडतोफ उतरेल, टॉर्पेडोंचा एक संच उतरेल, तळाशी लोखंड भरलं जाईल. नाहीतर मी सही करणार नाही.”

शेवटी तसंच झालं. नंतर कामिशिरोंनी गोदीत त्यांना गाठलं. “वाघाचे दात उपटलेत आणि पोटात धोंडे भरलेत!” त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी नमस्कारही केला नाही.

युद्धातही कप्तान कामिशिरोच होते, पण कुसाकाझेच्या वाट्याला मर्दुमकी आलीच नाही. दक्षिणेकडच्या बेटांवर तांदळाची पोती आणि सैनिक पोचवायचे. इतर बोटींवरचे खलाशी ओरडायचे, “ए वाणीणबाई, तांदूळ काय भाव?” एका दुपारी शत्रूची विमानं आली. बॉम्बने नाकाडच उडवलं, पाणी घुसलं आणि जहाज कललं.

महिन्याभराने कामिशिरो हात गळ्यात बांधून आराखडा खात्यात उगवले. सुकवलेला माकूळ मासा टेबलावर आदळला. “तुमची बोट बुडाली.”

“ऐकलं,” हिसामात्सु मान खाली घालून म्हणाले.

“चांगली बुडाली हो. घाई केली नाही बयेने. कलली ती तशीच थांबली. जखमींना उतरवलं, सगळ्यांना शेजारच्या बोटीवर घेतलं, आचारी तर देगचीसकट आला. मग गेली.” ते थांबले. “पुढच्या कोठीतली पोरं नाही निघाली. ते ना तुमच्या हातात होतं, ना माझ्या.”

दोघं बराच वेळ माकूळ चावत राहिले.

“मला नवी बोट मिळतेय,” कामिशिरो म्हणाले. “विमानं पाडायला वरच्या डेकवर चार तोफा जास्त बसवा.”

“उतरवायचं काय?”

“उतरवायचं कशाला? वर जागा आहे की!”

“नाही.”

“अहो, विमानं मी पाहिलीत, तुम्ही नाही!”

“नाही म्हणजे नाही.”

कामिशिरोंनी टेबलावर मूठ आपटली, शिव्या घातल्या, मग खुर्ची पुढे ओढली. “बरं, माझी खोली काढा. मी बाहेर झोपेन.”

हिसामात्सुंनी पेन्सिल उचलली. “खोली हलकी असते हो. दोनच बसतील.”