भिंतीकडे तोंड

मी फ्लेक्स बोलतोय. खरं तर मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. ज्याचा जन्मच गावभर बोंब मारण्यासाठी, त्याला छापल्याबरोबर गुंडाळलं, कपाटामागे उभं केलं आणि वर बजावलं, "हळदीपर्यंत कोणाला दिसायचा नाय हां!" असल्या युक्त्या फक्त माणसांनाच सुचतात.

माझा जन्म अलिबागच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मशीन पुढेमागे सरकत होतं आणि माझ्या अंगावर एक माणूस उमटत होता. आधी केस आले, मग गॉगल, मग मिशी, मग सोन्याची साखळी. हा माणूस कुठेतरी संपेल असं मला वाटलं होतं. तो संपला नाही. माझा अर्धा देह त्यानेच व्यापला. हे परेशशेठ. रेवदंड्याच्या अलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव आहे. वाडवडील मिठागरात राबले, परेशशेठांचे मात्र डंपर चालतात. त्यांच्या शेजारी, पोस्टाच्या तिकिटाएवढे, त्यांचा मुलगा प्रणय आणि सून प्राप्ती. वर ठळक लाल अक्षरांत "भावी आजोबा" आणि खाली "आमच्या घरी लवकरच छोटा पाहुणा". कोपऱ्यात इंटरनेटवरून उचललेलं एक गुबगुबीत बाळ. त्याचे डोळे निळे. त्या घरात सात पिढ्यांत निळे डोळे कोणाचे नसावेत, पण एवढा विचार करायला डिझाइन करणाऱ्याला सवड नव्हती. डिझाइन करणारा प्रणयच होता.

या गावातल्या माणसांना आनंद झाला की आधी फ्लेक्स लागतो, मग आनंद होतो. त्या उन्हाळ्यात तर कहर होता. परेशशेठांचा पन्नासावा वाढदिवस झाला, त्याचा फ्लेक्स. प्रणयच्या चुलतभावाने, सुजितने, नवा डंपर घेतला, त्याचा फ्लेक्स डंपरपेक्षा रुंद. प्रणयची बहीण हेमाली हिचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, तिने आणि नवऱ्या मुलाने किहीमच्या किनाऱ्यावर भाड्याच्या कपड्यांत धावत फोटो काढले, त्याचा फ्लेक्स. शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे इतके असतात की ज्याला शुभेच्छा द्यायच्या तो शोधावा लागतो. कोणाचा फोटो कोणाच्या वर गेला यावरून मग महिनाभर अबोला.

प्रणय आणि प्राप्ती यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोघं मिळून फ्लेक्सची डिझाइनं आणि समारंभांची सजावट करायचे. म्हणजे प्राप्ती करायची आणि प्रणय त्याचे फोटो काढून टाकायचा. फोटोखाली "आम्ही बनवलेलं" असं लिहायचा. कपाटामागच्या फटीतून मला तिचे हात दिसायचे. हेमालीच्या रुखवतात ठेवायला ती खऱ्या मिठाचं छोटं मिठागर करत होती. दमट हवेत ते पाझरायचं. ती रोज ओलं मीठ काढून कोरडं भरायची, कोणालाही न सांगता. असं काम करणारं माणूस त्या घरात बाकी कोणी मला दिसलं नाही.

हळद तीन दिवसांवर आली तेव्हा प्राप्तीने कपाटामागची चटई ओढली आणि चटईबरोबर मी बाहेर आलो. तिने मला उलगडलं. भावी आजोबांच्या गॉगलपर्यंत आली आणि थांबली.

"हे काय हाय?"

प्रणय पलंगावर लोळत होता. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "कुठं काय?"

"भाऊंना सांगितलंस तू?"

सासऱ्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात.

"मी नाय सांगितलं. त्यांनी इचारलं, मी फक्त हसलो."

"आणि डिझाइन? ते पण हसता हसता झालं?"

"चिडू नको ना यार. भाऊच बोलले बनव म्हणून. आनंदाची बातमी हाय. हळदीला अख्खा गाव येणार, सगळ्यांना एकदम सरप्राइज!"

प्राप्ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणते, खोलीत 'तू'. त्या दिवशीचं 'तू' मात्र वेगळं होतं.

"मागच्या साली पण आनंदाचीच होती. भाऊंनी दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले. मग मी दवाखान्यातनं रिकामी आले, तेव्हा कोण गेलं घराघरात सांगायला? बाजारात, रिक्षात, देवळात, एकेक बाई मला थांबवायची आणि विचारायची, 'कितवा लागला गो?' एकेकीला मी सांगितलंय, प्रणय. तू एकीला तरी सांगितलंस?"

प्रणयने मोबाइल खाली ठेवला. त्याच्या आयुष्यातला हा मोठा प्रसंग असावा.

"या वेळी चौथा लागेपर्यंत मला गप्प राहायचंय," ती म्हणाली. "परत तसं झालं तर निदान कोणाला उत्तरं द्यायला नकोत. एवढंच मागितलं होतं तुझ्याकडं."

तो पलंगावर उठून बसला. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल.

"मग भाऊंना काय सांगू?" तो म्हणाला.

प्राप्तीने मला फाडलं नाही. मी तयारीत होतो. तिने मला पालथं घातलं आणि माझ्या पांढऱ्या पाठीकडे पाहत राहिली. हेमालीच्या हळदीसाठी मागे लावायचा देखावा अजून व्हायचा होता, त्याचं कापड आणायचं राहूनच गेलं होतं. ती उठली आणि घर रंगवून उरलेले रंगाचे डबे घेऊन आली. वासाने तिला मळमळत होतं, म्हणून नाकावर ओढणी बांधली. दारातून हेमाली डोकावली.

"वहिनी, सर्दी झाली काय गो?"

"हां, जराशी."

दोन दिवस ती माझ्या पाठीवर रांगत होती. खाडी आली, तिवरं आली, मिठागराचे चौकोन आणि मिठाच्या पांढऱ्या राशी आल्या. बगळे आले. वर आभाळाला तिने पातळ पिवळा हात दिला, हळदीचा. माझ्या पोटावर परेशशेठ आणि पाठीवर खाडी. इतका विसंगत फ्लेक्स कोकणात दुसरा नसेल.

प्रणयने बापाला सांगितलं, "फ्लेक्स नाय आला. त्याची मशीन बंद पडली." परेशशेठ दोन दिवस धुमसत होते. नातवंडाची काळजी नव्हती, अख्खा गाव जमणार आणि आपला चेहरा कुठेच नसणार, याची होती.

हळदीच्या संध्याकाळी मला अंगणात बांबूच्या चौकटीला ताणून बांधलं. तोंड भिंतीकडे. भिंत आणि मी यांच्यात दोन हातांचं अंतर. पाहुणे आले, मांडव्याच्या बोटीने मुंबईचे नातेवाईकही आले. प्रत्येक जण माझ्यासमोर उभा राहून फोटो काढत होता. "खाडी एकदम खरी वाटते गो!" खरी खाडी दीडशे पावलांवर होती, तिच्याकडे पाठ करून हे माझं कौतुक चाललं होतं. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ती बातमी लटकत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. मी भिंतीला सांगत होतो, भिंत ऐकत होती. मला ते आवडायला लागलं होतं.

अंधारायला लागलं तसा सुजित फोटो बघून कुरकुरला. "काळे येतात रे. थांब, मागनं हॅलोजन मारतो. कसला भारी दिसेल बघ!"

आता माझी एक लाज सांगतो. मी पातळ आहे. परेशशेठांनी प्रणयला "मोठा बनव" म्हणून सांगितलं होतं, "जाड" म्हणून नव्हे.

सुजितने अंधारात चाचपडत भिंतीला टांगलेला हॅलोजन लागला आणि खाडीवर, बगळ्यांच्याही वर, पिवळ्या आभाळात एक गॉगल उगवला. मग मिशी. मग साखळी.

फोटो काढणाऱ्यांचे मोबाइल खाली आले. मग गावातले म्हातारे धर्माजी खुर्चीतून ओरडले, "आयला! आता सूर्याच्या जागी पन यांचाच फोटू!" आणि अंगणभर हशा पिकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वर आणि खाली धूसर, उलटी अक्षरंही उमटली होती, पण ती वाचायच्या फंदात कोणी पडलं नाही. परेशशेठांचा चेहरा दिसला की पुढचं वाचायचं नसतं, हे गावाला सवयीने माहीत आहे.

पण परेशशेठांनी स्वतःला ओळखलं. ते ताडकन उठले.

"हा तं आपला फ्लेक्स! आला व्हता? मग उलटा कशाला लावला? सुजित, दोऱ्या सोड! सरल कर त्याला, वाचू दे सगल्यांना!"

सुजितने माझ्या वरच्या कोपऱ्यातल्या गाठीला हात घातला. प्रणय स्वतःच्या चपलांकडे पाहू लागला. चपला नव्या होत्या.

प्राप्ती हळदीची वाटी घेऊन हेमालीजवळ उभी होती. तिने वाटी खाली ठेवली. चालत आली आणि खालच्या गाठीवर आपली पिवळी मूठ आवळली. एरवी सासऱ्यांसमोर तिचा आवाज "भात वाढू?" एवढाच निघायचा.

"भाऊ, राहू द्या."

"अगो, सगला गाव जमलाय, आताच तं मजा..."

"फ्लेक्स तुमचा हाय, भाऊ. पोट माझं हाय." ती इतकं हळू बोलली की ऐकलं फक्त त्यांनी, मी आणि मागून आलेल्या मनुबाईंनी. "ही गाठ सुटली तर मी आत्ता, अशीच हळदीच्या अंगानं माहेरी जाईन. मग लोकांना जे सांगायचं ते तुम्ही सांगा. मागच्या वेळी मी सांगितलं."

परेशशेठांचं तोंड उघडंच राहिलं. फ्लेक्सवर ते नेहमी मिटलेलं असतं, म्हणून इतकं बरं दिसतं.

मनुबाई म्हणजे परेशशेठांची बायको. त्या घरात सगळ्यांत कमी बोलतात. पण आवाज असा लागला की डीजेसुद्धा थांबला. "सुजित! तो लाइट बंद कर आधी. डोल्यांत जातंय सगल्यांच्या!" हॅलोजन विझला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आनि तुमी नाचायला जा. लेकीची हलद हाय. बाप हाव ना तुमी?"

परेशशेठ गेले. नाचलेसुद्धा. गॉगल लावून, अंधारात.

मनुबाईंनी प्राप्तीची मूठ हळूहळू सोडवली. दोरीचा वळ उठला होता.

"मना म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. "सुकट फोडनीला पडली का तू परसात पलतेस."

"मग बोललात नाय, आई?"

"तू बोलली नव्हतीस ना."

माणसांबद्दलचं माझं मत त्या संध्याकाळी थोडं बदललं. फार नाही. कारण दुसऱ्या दिवशी प्रणयने माझ्या पाठीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "आम्ही बनवलेला देखावा". लोकांनी बदाम पाठवले.

लग्न झालं, हेमाली सासरी गेली, मांडव उतरला. उन्हाळ्यातले माझे भाऊबंद आता कामाला लागले आहेत. सुजितच्या डंपरचा फ्लेक्स लाकडांच्या ढिगावर पडलाय. पन्नासाव्या वाढदिवसाचे परेशशेठ न्हाणीच्या दाराला लटकतात, रोज सकाळी त्यांच्या तोंडावर पाणी उडतं. मी अंगणात पसरलोय. परेशशेठ खाली मातीत, खाडी वर, खाडीवर मनुबाईंचं जुनं लुगडं आणि लुगड्यावर तांदळाचे पापड.

तुम्हा वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. छापायचं तर छापा. आमची जात काही तुम्हाला अडवणार नाही, आम्हाला तोंड असलं तरी जीभ नाही. पण बातमी ज्याच्या पोटातली आहे त्याला आधी विचारत जा. तुम्ही विचारणार नाही, ते मला माहीत आहे. तरी सांगितलं.

आत्ता पडवीत बायका पापड लाटतायत. शेजारच्या पूनमकाकी मघापासून प्राप्तीकडे बघतायत. मागच्या वर्षी "कितवा लागला गो?" म्हणून पहिल्यांदा विचारणाऱ्या याच.

"काय गो प्राप्ती, लाटतेस कमी आनि पीठच जास्ती खातेस. काय बातमी हाय का?"

पडवीतली सगळी लाटणी थांबली. प्रणय घाईघाईने उंबऱ्यात आला, तोंड उघडलं, आणि काय सुचलं कोण जाणे, पुन्हा मिटलं. मनुबाईंनी मानही वर केली नाही, आपला पापड लाटत राहिल्या. प्राप्तीला वाटलं तर "नाय" म्हणून ती सुटू शकते. पूनमकाकींना ते पटलंही असतं.

तिने लाटणं बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. चौथा लागून आज आठवडा झाला, हे त्या पडवीत तिघांनाच ठाऊक आहे आणि अंगणात मला.

"काकी, तुम्ही पहिल्या हां," ती म्हणाली, आणि हसली. "ऐका..."

"प्रणय! ऊन सरकला रं, तो फ्लेक्स ओढ तिकरं!" मनुबाईंनी हाक मारली आणि प्रणयने माझं टोक धरलं. अरे थांब, जन्मभर मीच बोललो, आज एकदा ऐकू तरी दे, ती काय सांगते ते मला